मैदानीच्या आधी मालिश: कधी करायची, किती दाबायची?

यावलचा_भाऊ

राम राम मंडळी. आमच्या यावल-रावेर पट्ट्यातली बरीच पोरं पोलीस भरतीची तयारी करतात. सकाळी 1600 मीटरचा सराव, दिवसभर केळीच्या बागेत घड वाहायचे, संध्याकाळी पुन्हा गोळाफेक आणि 100 मीटर. पोटऱ्या कडक होतात, मांड्या भरून येतात. गावात एक जण दणकून मालिश करून देतो, पण काहींचे पाय दुसऱ्या दिवशी जास्तच दुखतात. स्पोर्ट्‌स मसाज म्हणतात तो हाच का? मैदानीच्या, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीच्या, आदल्या दिवशी केला तर फायदा की नुकसान? आणि एका पोराची नडगी महिनाभर दुखते आहे, ती चोळून बरी होईल का?

फिजिओ_जळगाव

भाऊ, नडगीचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही. त्याला एका बोटाने दुखणारी जागा दाखवायला सांगा. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात दुखत असेल, पळायला लागल्यावर जाणवत असेल आणि विश्रांतीने कमी होत असेल, तर बहुतेक जास्त पळण्याने नडगीला आलेला ताण, म्हणजे शिन स्प्लिंट्‌स. पण बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर हाड दुखत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायची. त्याचं पळणं आजपासून बंद आणि अस्थिरोग तज्ज्ञाला दाखवायचं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये तडा बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणं कायम असेल तर एमआरआय लागतो. दोन्हींत हाडावर अंगठा घासायचा नाही. शिन स्प्लिंट्‌समध्ये पोटरी मोकळी केली तर थोडा आराम पडतो, पण मूळ कारण असतं डांबरी रस्ता, झिजलेले बूट आणि एकदम वाढवलेलं अंतर. ते न बदलता मालिश केली तर दुखणं परत येतं.

आता वेळेचं. जोर लावून केलेली खोल मालिश म्हणजे स्नायूंवर पडलेला ताणच असतो. त्यानंतर एक-दोन दिवस स्नायू दुखरे राहतात, म्हणून ती मैदानीच्या निदान तीन दिवस आधी आटपायची. आदल्या दिवशी फक्त हलका हात, पायाला पंधरा मिनिटं पुरे. चाचणीच्या सकाळी करायचीच असेल तर कपड्यावरूनच, भरभर, दहा मिनिटं, आणि त्यानंतर वॉर्म-अप पूर्ण करायचाच. मालिशने अंग सैल वाटतं, पण धावण्यासाठी लागणारी गती येते ती वॉर्म-अपनेच.

जोराच्या सरावानंतर लगेच रगडायचं नाही. दुखणं साधारण 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त असतं. त्या काळात हलका हात चालतो, खोल काम त्यानंतर. मालिशने लॅक्टिक ॲसिड बाहेर पडतं असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. पळणं थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट (ज्याला लोक लॅक्टिक ॲसिड म्हणतात ते) आपोआप मूळ पातळीवर येतं. मालिशचा खरा उपयोग आहे दुखरेपणा कमी वाटणं आणि हालचाल मोकळी होणं. धावण्याची वेळ त्याने कमी होत नाही, ती सरावानेच कमी होते.

तालीम_धुळे

पद्धत मी लिहितो. पोटरीपासून सुरुवात करा.

पोराला पालथं झोपवा, घोट्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवा म्हणजे पोटरी सैल पडते. तिळाचं तेल एका पायाला दोन चमचे पुरे. जास्त घेतलं की हात निसटतो, पकड येत नाही, आणि मालिश करणारा विनाकारण जोर लावतो. पहिली दोन मिनिटं पूर्ण तळहाताने घोट्याकडून गुडघ्याकडे लांब हात फिरवा, दाब हलका. वरून खाली येताना दाब जवळजवळ सोडून द्यायचा. मग तीन-चार मिनिटं कणीक मळतो तसं दोन्ही हातांनी स्नायू उचलून, दाबून, सोडायचा. गाठ लागली तर अंगठा तिथे 20 ते 30 सेकंद स्थिर ठेवा. अंगठ्याखाली स्नायू ढिला पडला की हाताला कळतं. कळलं नाही तर जोर वाढवू नका, पुढे जा. शेवटी पुन्हा लांब हात, आणि पाऊल दहा वेळा वर-खाली.

गुडघ्यामागच्या लवणीत दाबायचं नाही, तिथून रक्तवाहिनी आणि नस जाते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली जे टोकदार हाड लागतं, त्याच्या मागेही नाही. तिथली नस दाबली गेली की पावलात मुंग्या येतात. जांघेतही अंगठा घालू नये.

दाब किती? दहा म्हणजे असह्य धरलं, तर सहा-सात. झोपलेला श्वास रोखतोय, मुठी आवळतोय, पाय आखडतोय, तर दाब जास्त झाला. स्नायू स्वतःला वाचवायला आवळतो, म्हणजे तुम्ही आवळलेल्या स्नायूवर जोर लावताय. तुमच्या गावातल्या पोरांचे पाय दुसऱ्या दिवशी जास्त दुखतात ते यामुळेच. निळे डाग पडले तर ती मालिश नव्हे, इजा आहे. पायाने तुडवणं तर टाळाच, तुडवताना दाब मापात राहत नाही.

एक बारीक गोष्ट: केसाळ पायावर कमी तेलात उलटसुलट घासलं की केसतोड उठतात. त्यामुळे तेल बेताचं, पण सगळीकडे पसरलेलं हवं. आणि गोळाफेकीच्या दिवशी हाताला तेल लागू देऊ नका, गोळा बोटांतून निसटतो.

कबड्डी_शहादा

मालिश कधी नाही, यावरही लिहायला हवं, कारण गडबड तिथेच होते.

मुका मार. कबड्डीत मांडीवर गुडघा बसला की लगेच कोणीतरी चोळायला बसतं. आत रक्तस्राव चालू असतो, चोळल्याने तो वाढतो. मार मोठा असेल तर पुढच्या काही आठवड्यांत स्नायूतच हाड तयार होऊ शकतं, मग गुडघा पूर्ण वाकत नाही. पहिले दोन-तीन दिवस बर्फ कपड्यात गुंडाळून 15-20 मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि पट्टी. मालिश नाही, गरम शेक नाही.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, विशेषतः प्लास्टर काढल्यावर किंवा पुण्या-मुंबईच्या लांब प्रवासानंतर, तर हात लावू नका. शिरेत गुठळी असू शकते, दाबल्याने ती फुप्फुसात जाऊ शकते. थेट दवाखाना.

ताप, त्वचेवर नायटा किंवा पू, उघडी जखम, रक्त पातळ करण्याची गोळी चालू: यातही मालिश नाही. जोराच्या सरावानंतर लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. तेव्हा स्नायू तुटून त्यातला घटक मूत्रपिंडावर येत असतो.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो. पायात गोळा आला तर रगडू नका. पाऊल अंगाकडे ओढून 30 सेकंद ताण द्या, सावलीत बसवा, ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून घोट घोट द्या. चक्कर, बरळणं, कातडी गरम असेल तर उष्माघात समजा. अंगावर पाणी टाकून गार करायला लागा, आणि 108 ला फोन करा.

यावलचा_भाऊ

सगळ्यांचे आभार. नडगीवाल्या पोराला उद्याच नेतो. एक राहिलं: मुलीही 800 मीटरची तयारी करतात, त्यांना मालिश करून देणारं कोणी नाही. आणि हल्ली स्नायूंवर भरभर ठोके देणारी मसाज गन मिळते, ती घ्यावी का?

फिजिओ_जळगाव

मुलींना स्वतःची स्वतः करता येते. पोटरीसाठी घरचं लाटणं चालतं. बसून गुडघा वाकवायचा, घोट्याकडून वर दोन मिनिटं फिरवायचं, नडगीच्या हाडावर नाही. मांडीच्या मागे आणि कुल्ल्याला टेनिस बॉल भिंतीला टेकवून, एका जागी अर्धा मिनिट.

गन घेतलीच तर सर्वांत कमी वेगावर, एका स्नायूला एक-दोन मिनिटं, दाबून न धरता सावकाश सरकवत. हाड, सांधे, मणका, मानेचा पुढचा भाग आणि जांघ टाळायची. पैसे मोजकेच असतील तर गनऐवजी बूट घ्या, त्या पोरांना त्याची गरज जास्त आहे. आणि आठवड्यातला एक दिवस सराव आणि घडवाहणी दोन्ही बंद ठेवा.