गोडसर वास आणि काचेवर तेलकट थर
गाडीचा ब्लोअर लावला की गोडसर रासायनिक वास आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट थर, असं दोन्ही असेल तर परफ्यूम बदलून उपयोग नाही. हीटर कोअरमधून (केबिनला गरम हवा देणारा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळत असणार. डाव्या सीटपुढची मॅट उचलून कार्पेट दाबा: नुसतं पाणी लागलं तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय, चिकट लागलं तर कूलंटच. हात लगेच धुवा, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. लीक बंद करणारी पावडर टाकू नका, कोअरच्या बारीक नळ्या चोंदतात. नवा कोअर मिळेपर्यंत मेकॅनिककडून हीटरचे दोन्ही होज (रबरी पाइप) एकमेकांना जोडून घ्या, म्हणजे कूलंट कोअरमध्ये जाणारच नाही. मराठवाड्यात हीटरवाचून फारसं अडत नाही. नंतर इंजिन थंड असताना कॉन्सन्ट्रेटेड कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर ५०:५० भरा. आपल्याकडचं बोअरचं जड पाणी मुळीच नको, क्षार साचून नवा कोअरही जातो.