जंगली बटाट्यावर कीड का टिकत नाही?

प्रश्न (जालना): जंगली बटाट्याचं कीडरोधक रसायन आपल्या वाणांत का आणत नाहीत? आणि काढलेल्या ढिगावर बटाट्याचाच पाला झाकला तर चालेल का?

उत्तर १: ‘सोलॅनम चाकोएन्स’ या जंगली बटाट्याच्या काही रोपांत लेप्टिन हे कीडरोधक रसायन असतं, तेही फक्त पाल्यात. बटाट्याचा पाला खाणारा कोलोरॅडो भुंगेरा तो पाला टाळतो. पण संकरात कंदातलं सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढू शकतं. ते किलोभर बटाट्यात २०० मिलिग्रॅमच्या वर नको. अमेरिकेत ‘लेनापे’ वाण त्यापायीच १९७० मध्ये मागे घेतला.

उत्तर २: तो भुंगेरा आपल्याकडे नाहीच! आपल्याला छळतो मावा. बोलिव्हियाच्या ‘सोलॅनम बर्थॉल्टी’ या जंगली बटाट्याच्या पानावरची लव मोडली की तिच्यातला चिकट द्रव काळा पडून घट्ट होतो, माव्याचे पाय त्यात रुततात.

पाला झाकू नका. तो सुकला की त्यातल्या पाकोळीच्या (बटाट्यावरच्या पतंगाच्या) अळ्या कंदात उतरतात. उभ्या पिकाला मातीची भर लावा. उघड्या कंदाच्या डोळ्यांत पाकोळी अंडी घालते.