पाऊण इंची चेनचं लॉक (दोन टोकं जोडणारी कडी) सारखं सुटतंय, सिंगल 12बी (एका रांगेची चेन) ठेवू की डुप्लेक्स (दोन रांगांची) करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गोव्यातून लिहितोय. मालिम जेटीजवळ आमचा छोटा बर्फाचा कारखाना आहे, ट्रॉलरना बर्फ देतो. लाद्या क्रशरपर्यंत वर चढवणारा कन्व्हेयर आहे, त्याच्या ड्राइव्ह चेनचं लॉक गेल्या हंगामात तीनदा सुटलं. शेवटच्या वेळी पहाटे चार वाजता, बोटी लागलेल्या, पोरं लाद्या हातानेच चढवायला लागली आणि एकाचा पाय घसरला, लादी पायावर पडायची थोडक्यात वाचली. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. आता मासेमारी बंदी आहे म्हणून मशीन उघडून ठेवलंय, 31 जुलैनंतर हात लावायला वेळ मिळणार नाही.

मोटर 3 एचपी, 1440 आरपीएमची, पुढे 20:1 चा गिअरबॉक्स, त्याच्यावर 17 दात्यांचं स्प्रॉकेट आणि कन्व्हेयरच्या शाफ्टवर 51 चं. चेनच्या पट्टीवर 12बी, म्हणजे ब्रिटिश माप, कोरलेलं आहे.

सुटलेलं लॉक धुऊन बघितलं तर एक पिन एका बाजूने चपटी, चकचकीत. व्हर्नियर लावला, टोकाला 5.9 मिमी आणि मधे 5.7. मेस्त्रीला विचारलं तर म्हणाला, आत जात नव्हतं म्हणून ग्राइंडरवर जरा घासलं. मग उलगडा झाला. दुकानात आम्ही नेहमी "पाऊण इंची चेनचं लॉक द्या" एवढंच सांगतो, त्यांनी 60 नंबरचं म्हणजे अमेरिकन मापाचं 12ए दिलेलं. पिच, म्हणजे पिन ते पिन अंतर, दोन्हींचा 19.05 मिमी, शेजारी ठेवली तर फरक कळत नाही, पण 12बी ची पिन 5.72 आणि 60 ची 5.96, आतली रुंदीसुद्धा 11.68 आणि 12.57. पिनेचा वरचा कडक थरच घासून गेला तर ती टिकणार कशी. मेस्त्रीला बोल लावत नाही, पहाटे जे हातात होतं त्यातून त्याने मशीन चालू करून दिलं.

पण चूक फक्त लॉकची आहे असं मला वाटत नाही. हिशोब केला तर मोटर पूर्ण लोडवर असताना चेनवर साडेपाच किलोन्यूटनच्या वर ओढ येते आणि सिंगल 12बी चा तुटायचा लोड 28.9, म्हणजे जेमतेम पाचपट. लादी अडकून झटका बसला की काय उरतं? डुप्लेक्स 12बी-2 घेतली तर 57.8 होतो. शिवाय लिंका 87 आहेत, विषम, म्हणून एक हाफ लिंक (वाकडी अर्धी कडी) घातलेली आहे, शाफ्ट सरकवायला जागा नाही. आणि लाद्या ब्राइनच्या टाकीतून येतात, खारं पाणी सतत ठिबकतं, तर स्टेनलेस चेन घ्यावी का? कोणी बर्फाच्या किंवा मासळीच्या कारखान्यात वापरली असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
दादा, लादी अडकते तिथे स्टेनलेस नको, 304 ग्रेडच्या स्टेनलेसची ताकद साध्या चेनपेक्षा बरीच कमी असते. साधी किंवा निकेल प्लेटेड घ्या, वर पत्र्याचं कव्हर लावून पाणी अडवा आणि ग्रीस नको, तेल घाला, ग्रीस वरच राहतं, पिन आणि बुशच्या मधे शिरत नाही. हाफ लिंक काढाच, ती चेनमधली सगळ्यात कच्ची जागा. 88 लिंका करून ढिल्या बाजूला आयडलर (चेन ताणून धरणारं मोकळं स्प्रॉकेट) लावला की शाफ्ट हलवायची गरज नाही. क्लिपवालं लॉक ठेवलंत तर क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला पाहिजे, उलटं बसलं तर घासून निघतं, पण तुमच्याकडे झटके आहेत तर मी रिव्हेटच मारीन. डुप्लेक्सला दोन रांगांमधलं अंतर 19.46 असतं, शाफ्टवर तेवढी जागा आहे का बघा, दोन्ही स्प्रॉकेट नवीन लागतील. आधी जुनी चेन ताणून वीस पिच मोजा, 381 यायला हवेत, 392 च्या वर गेले तर ती संपली.

धागाकर्ता:
खूप आभार. आत्ताच मोजलं, 394 आलं. म्हणजे लॉक बदलत बसलो आणि चेनच गेलेली होती. 51 च्या स्प्रॉकेटचे दातेही आकड्यासारखे वाकलेत. शाफ्टवर जागा आहे, 12बी-2 ची ऑर्डर देतोय, पट्टीवरचा नंबर फोटोसकट पाठवून. क्लिप उलटी होती की नाही ते आता कळायला मार्ग नाही, पोरांनी फेकून दिली. एकच विचारायचं राहिलं, आयडलरला 17 दाते पुरतील ना? आणि तो चेनच्या बाहेरून लावू की आतून?