ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, तातडीने मदत हवी आहे

उतावळा_६९:
मंडळी, वुडवर्ड ड्रीम क्रूझ (डेट्रॉइटची जुन्या गाड्यांची फेरी) तोंडावर आली आणि माझी गाडी ब्रेक मारला की डावीकडे ओढते. पुढे डिस्क बसवून घेतल्या, पैसे गेले, ओढणं तसंच. गॅरेजवाला म्हणतो टायर बदला. १४चेच ठेवू की १५ घालू? कोणते घेऊ? उगाच लेक्चर नको, नाव आणि साइज सांगा, आजच ऑर्डर टाकतो.

नोव्हायकर_नाना:
अरे, गाडी कोणती ते तर सांग! आणि ओढते म्हणजे फक्त ब्रेक मारल्यावर, की सरळ चालतानाही?

उतावळा_६९:
शेव्हेल. फक्त ब्रेकला. टायरचं सांगा ना.

सतरा_इंची:
१४ इंची रिम विसरा. १७ची घ्या, पुढे विलवुड कंपनीचे मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) टाका, विषय संपला. साठ वर्षांपूर्वीच्या तंत्रज्ञानावर जीव टांगू नये. माझ्या मस्टँगला केलंय, आता गाडी जागच्या जागी थांबते.

रेडलाइन:
झालं, आले १७वाले! एकोणसत्तरच्या शेव्हेलला १७ची चाकं म्हणजे नऊवारीवर स्पोर्ट्स शूज. एसएसवर (शेव्हेलची दमदार आवृत्ती) एफ७०-१४ टायर यायचे, आजही तसेच नव्याने बनवलेले मिळतात. गुडइयरचे पॉलीग्लास घ्या, गाडीचं रूप खुलतं.

सतरा_इंची:
रूप खुलतं, पण रस्त्यातली प्रत्येक चर पकडून गाडी तिच्यामागे जाते, ते? बायस-प्लाय (रेडियलच्या आधीच्या जुन्या बांधणीच्या) टायरवर आय-७५ हायवेने ताशी सत्तर मैलांच्या वेगात जाऊन दाखवा.

रेडलाइन:
क्रूझला कोण सत्तरने जातं? वुडवर्डवर त्या दिवशी माणूस चालत पुढे जातो.

नोव्हायकर_नाना:
तुमचं चालू द्या. उतावळ्या, मला चार गोष्टी हव्यात. वर्ष कोणतं (नावातले ६९ तेच ना?). आधी चारी ड्रम होते का? मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो) बदलला का? रबरी होज नवे टाकले की जुनेच? आणि टायरच्या बाजूला डॉट कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघ.

उतावळा_६९:
६९ची शेव्हेल मालिबू, ३०७चं इंजिन. चारी ड्रमच होते. मास्टर बहुतेक जुनाच, किटमध्ये नव्हता. होजचं माहीत नाही. टायर छान दिसतात, नक्षी भरपूर आहे. कोड २३०९.

नोव्हायकर_नाना:
२३०९ म्हणजे २००९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही असो, रबर आतून म्हातारं झालंय. ते बदलायचेच. पण ब्रेकला ओढण्याचं कारण टायर नसावेत. खात्री करायची तर पुढची दोन चाकं अदलाबदल कर. ओढण्याची बाजू बदलली तर टायर, नाही बदलली तर ब्रेक. फुकटात कळेल.

पेट्रोलपुराण:
जुना ड्रमचा मास्टर! इथेच घोळ आहे. ड्रमच्या मास्टरमध्ये रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब कायम धरून ठेवतो. ड्रमला तो लागतो, कारण तिथे शूज मागे खेचायला स्प्रिंगा असतात. डिस्कला तसं काही नाही, पॅड घासतच राहतात. शिवाय डिस्कला ऑइल जास्त लागतं आणि ड्रमच्या मास्टरची टाकी छोटी. पॅड झिजले की कॅलिपर आणखी ऑइल मागणार.

नोव्हायकर_नाना:
मास्टर बदलायलाच हवा, मान्य. पण तो व्हॉल्व्ह दोन्ही पुढच्या चाकांना सारखाच धरेल. एकाच बाजूला का ओढेल?

पेट्रोलपुराण:
बरोबर. मग दोन भानगडी आहेत.

सिलिकॉनभक्त:
मी सांगतो. सगळं ऑइल काढून डॉट ५ दर्जाचं सिलिकॉन ब्रेक ऑइल भरा. पाणी शोषत नाही, रंगावर सांडलं तरी रंग जात नाही. हार्लेवाले कित्येक वर्षं वापरायचे.

पेट्रोलपुराण:
कृपया नको! पाणी शोषत नाही म्हणजे ते सिस्टीममध्ये सगळ्यात खालच्या जागी साचतं आणि तिथेच गंज धरतो. त्यात बुडबुडे बारीक अडकतात, पेडल मऊ लागतं. आणि आधीच्या डॉट ३मध्ये तर मिसळूच नये. साधं डॉट ३ किंवा ४ भरा, दोन वर्षांनी बदला.

सिलिकॉनभक्त:
माझ्या कॅमारोत वर्षानुवर्षं आहे, काही झालं नाही.

पेट्रोलपुराण:
तुमची कॅमारो गॅरेजच्या बाहेर किती येते, तेही सांगा.

डार्टमामा:
एक महत्त्वाचं, कोणी बोललंच नाही. चाक काढताना डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असू शकतात! क्रायस्लरच्या सत्तरच्या आसपासपर्यंतच्या गाड्यांत डावीकडे डावखुरे आटे, स्टडवर एल कोरलेला असतो. मी एकदा एका टायरवाल्याला इम्पॅक्ट गन घेऊन स्टड मोडताना पाहिलंय.

रेडलाइन:
मामा, शेव्हेल शेव्हरोलेची आहे.

डार्टमामा:
माहीत आहे. पण कोणी डार्टवाला वाचत असेल तर उपयोग होईल.

उतावळा_६९:
मला उत्तर मिळेल का?? आणखी एक सांगतो, पेडल मऊ आहे, दोन-तीनदा मारलं की मग लागतं. गॅरेजने कितीदा हवा काढली, जात नाही. आणि फिरून आल्यावर डावं पुढचं रिम चटका बसेल इतकं तापतं, उजवं नाही.

नोव्हायकर_नाना:
हे आधी सांगायचं! आता दोन कामं.

गाडी जॅकवर, खाली स्टँड लाव (नुसत्या जॅकवर खाली जाऊ नकोस). ब्रेक मारून सोड, डावं चाक हाताने फिरव. अडकत असेल तर आधी मास्टरजवळची पुढच्या ब्रेकची लाइन जराशी सैल कर. तिथेच चाक मोकळं झालं तर दोष मास्टरचा किंवा पुशरॉड (पेडलचा जोर मास्टरला देणारा दांडा) लांब आहे. नाही झालं तर ती लाइन घट्ट करून कॅलिपरचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) सैल कर. आता पिचकारी उडाली आणि चाक सुटलं तर रबरी होज. जुना होज बाहेरून ठणठणीत दिसतो, आतून सुजतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत येत नाही.

दुसरं, मऊ पेडल. ब्लीडरचं तोंड कॅलिपरच्या वर आहे की खाली?

उतावळा_६९:
खाली. दोन्हीकडे. का?

पेट्रोलपुराण:
हा हा! डाव्याचा कॅलिपर उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे बसवलाय. हवा वर अडकते, ब्लीडर खाली. जन्मभर पंप करा, निघणार नाही. कुठल्या गॅरेजने केलं ते लिहू नका, पण परत तिथे जाऊही नका.

मुळशीचा_वाघ:
आमच्या पद्मिनीला चारी ड्रम आहेत, ताम्हिणी उतरतो, काही ओढत नाही. ॲडजस्टर नीट ठेवा, बस. बाय द वे, अशी शेव्हेल पुण्यात आणायला किती खर्च येईल?

नोव्हायकर_नाना:
वाघोबा, वेगळा धागा काढा.

उतावळा_६९:
केलं. ब्लीडरला सुटलं चाक, मास्टरला नाही. होज मागवले, दोन्ही बाजूंचे. मास्टरही. डाव्या-उजव्या कॅलिपरची रविवारी अदलाबदल करतो. आता तरी टायर सांगा!

नोव्हायकर_नाना:
होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर टाक, जुने गळतात. ड्रम-ड्रम गाडीत प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवणारा) नव्हता, तोही मास्टरबरोबर घे. नाहीतर जोरात ब्रेक मारलास की मागची चाकं आधी जाम होऊन शेपूट फिरेल, पावसात तर नक्कीच.

टायरचं म्हणशील तर ड्रमच्या वेळची १४ची रिमं डिस्कच्या कॅलिपरला घासू शकतात. टायर न चढवता नुसतं रिम लावून हाताने फिरवून बघ. घासत नसेल तर २१५/७०आर१४. घासत असेल तर १५ बाय ७ची रॅली रिमं आणि २३५/६०आर१५. दोघांच्या उंचीत सहा-सात मिलिमीटरचा फरक, स्पीडोमीटरही फार चुकणार नाही. दोन्हीत रेडियल घे आणि अलाइनमेंट रेडियलच्या हिशोबाने करायला सांग. कारखान्याचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे-पुढे कल) शून्याच्या आसपास होता, रेडियलला पॉझिटिव्ह जास्त लागतो.

रेडलाइन:
पांढऱ्या अक्षरांचे तरी घे रे. अक्षरं बाहेरच्या बाजूला.

सतरा_इंची:
१७चा विचार कर, अजून वेळ गेलेली नाही.

टायरमित्र:
धागा वाचला नाही, पण हवा तपासली का? दोन चाकांत पाच पीएसआयचा फरक असला तरी गाडी ओढते.