नको असलेलं क्रेडिट कार्ड : ठेवलंत की बंद केलंत?

पगार खातं उघडताना बँकेनं 'पहिलं वर्ष फ्री' म्हणत क्रेडिट कार्डाचा फॉर्मही भरून घेतला. कार्ड आलंय, अजून सुरू केलेलं नाही. एक जुनं कार्ड आहे आणि घराला तेवढं पुरतं. अशा वेळी तुम्ही स्वतः काय केलंत ते लिहा. 'कार्ड म्हणजे कर्जाचा सापळा' ही प्रवचनं घरी रोज मिळतात, ती नकोत.

जुना_कॅशिअर (जुळे सोलापूर)
पाकीट फोडा, पण ओटीपी टाकू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 दिवसांत कार्ड सुरू केलं नाही, तर बँकेला ओटीपी पाठवून तुमची संमती मागावी लागते. ती नाही दिली, की सात कामकाजाच्या दिवसांत एक पैसा न घेता कार्डाचं खातं बंद. सुरू न केलेल्या कार्डाची माहिती सिबिलला, म्हणजे आपल्या कर्ज-परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, कळवायलाही मनाई आहे. अर्जाच्या वेळी झालेल्या चौकशीची नोंद मात्र राहते. मी माझं कार्ड असंच जाऊ दिलं. त्या काळात "सर, फक्त ओटीपी सांगा" असे फोन येतात. समोर बँकेचा माणूस असो की भामटा, सांगायचा नाही.

शेंगा_चटणी (विजापूर रोड)
माझं उलट. मी ठेवलं. जुन्या कार्डाची मर्यादा 50,000 आणि महिन्याचा खर्च 20,000 च्या आसपास, म्हणजे 40 टक्के वापर. घरकर्जाचा अर्ज करायचा होता आणि हा वापर 30 टक्क्यांच्या आत असलेला बरा असं सगळेच सांगत होते. नवीन कार्डाची मर्यादा एक लाख. खर्च तोच, पण दीड लाखात मोजला की 13 टक्के. कार्ड कपाटात आहे, फी नाही, त्रास नाही. खर्चावर ताबा नसेल त्यानं मात्र माझं ऐकू नये. बिल पूर्ण न भरता नुसती किमान रक्कम भरत गेलात तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात जातं.

टॉवेलवाला (अक्कलकोट रोड)
काय ओ, सगळे सिबिल सिबिल करतायत. आपलं कारण साधं हाय. रुपे कार्ड हाय, यूपीआयला जोडलंय. किराणा, पेट्रोल, औषधं, दुकानाच्या क्यूआरवर चालतंय. दोस्ताला पैसे पाठवायला चालत नाही. सूतवाल्याकडं तर आपली जुनी उधारीच. गड्ड्याच्या जत्रेला पोरांना घेऊन गेलो तर पाळणेवाल्याचा क्यूआर त्याच्या स्वतःच्या खात्याचा, कार्ड चालंना, रोख द्यावी लागली. तरी ठेवलंय, कारण फी शून्य हाय. लावू द्या की फी, दुसऱ्या दिवशी बंद.

नवी_पेठ_वाली
बंद करायला फोन केला तर आधी "पॉइंट वाया जातील", मग "लिमिट वाढवून देते", मग "फी माफ होईल". फी 499, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 588 रुपये 82 पैसे. माफी कधी? तर वर्षात 50,000 खर्च केल्यावर! पाचशे नव्वद वाचवायला पन्नास हजार घालवायचे, हा हिशोब आमच्या दुकानात तरी बसत नाही.

फोन ठेवला आणि ईमेल केला. थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, उशीर झाला तर बँकेनंच आपल्याला दिवसाला 500 रुपये द्यायचे असतात. हे ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं. त्यानंतर कुणी पॉइंटांचं नाव काढलं नाही.

मोबाईल बिलाचं ऑटोपे मात्र आधी काढा. जाऊबाईंचं तिथंच अडलं. अर्ज दिला आणि मागून बिल कापलं गेलं. थकबाकी उभी राहिली, अर्ज तसाच पडून.

बाळीवेस_कट्टा
आमच्या वडिलांनी कात्रीनं कार्डाचे तुकडे केले आणि विषय संपला म्हणाले. खातं चालूच. वर्षाची फी पडली, ती भरली नाही म्हणून दंड, दंडावर जीएसटी. मोटारसायकलच्या कर्जाला गेलो तेव्हा हे बाहेर आलं. वर्षभर न वापरलेलं कार्ड बँक आपोआप बंद करते ना?

जुना_कॅशिअर (जुळे सोलापूर)
करते, पण आधी ग्राहकाला कळवते, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही तरच. तेही थकबाकी नसेल तर. तुमच्याकडे फीच थकली, म्हणून गाडी अडली. बँकेकडे लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी लागत नाही. निकाल लागल्यावर सिबिलचा अहवाल काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात वडिलांच्या कार्डापुढे 'बंद' आलंय का ते बघा. नसेल तर तोच अहवाल जोडून बँकेला पुन्हा लिहा.