मालदांडीला हार्वेस्टर चालत नाही
हार्वेस्टरमुळे फाल्गुनातली काढणी दोन तासांवर आली असं म्हणतात, ते गव्हापुरतं खरं आहे. आमच्या मंगळवेढ्याकडच्या मालदांडी ज्वारीला ते लागू नाही. इथे दाण्याइतकीच कडब्याची किंमत, आणि यंत्रात कडब्याचा पार चुरा होतो. म्हणून ताटं अजून हातानेच मुळासकट उपटतात.

तेही पहाटे, दंव आहे तोवर. ऊन चढलं की पाला कडकडीत होऊन झडतो, आणि जनावरं आवडीने खातात तो पालाच. त्यामुळे अख्खं घर उजाडायच्या आत रानात, भाकरी मागून येते. काळी जमीन आवळलेली असली तर तळहात सोलून निघतात. मग पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, कडबा रचायचा. मजूर मिळेनात म्हणून ओळखीतली कित्येक घरं हरभऱ्याकडे वळली, याचं फार वाईट वाटतं.