पहिलीसाठीचे व्हिडिओ : तयार घ्यायचे की शिक्षकाने करायचे?

जि. प. शिक्षक, धुळे
माझी शाळा दोनशिक्षकी. पहिलीतली बहुतेक मुलं घरी अहिराणी बोलतात. तयार व्हिडिओतली ताई प्रमाण मराठीत गोड प्रश्न विचारते, मुलं नुसती बघत राहतात. मग मी गावातल्या एका आजींना भाकरी थापताना मोबाइलवर घेतलं. त्या भाकरी मोजतात, मध्येच नातवाला म्हणतात, "माले पानी दे रे." पोरं हसली आणि दहापर्यंत त्यांच्याबरोबर मोजत गेली. माझं ठाम मत आहे, पहिली-दुसरीचं डिजिटल साहित्य त्या वर्गाच्या शिक्षकानेच करावं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, तेही जि. प. शाळेतूनच. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला.

निवृत्त केंद्रप्रमुख
नाही पटत. डिसले गुरुजींसारखे किती? शिक्षकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका व्हिडिओचं सांगतो. ४२ वजा १७. बाई म्हणतात, "दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक उसना घ्या." एका मुलाने मला विचारलं, "सर, परत कधी द्यायचा?" त्याचं काय चुकलं? तो एक म्हणजे सुटा केलेला दशक, हे व्हिडिओत कुठेच नाही. असा व्हिडिओ शंभर वर्गांत चालतो आणि चूक पक्की होते. साहित्य जाणकारांनी करावं, तपासून घ्यावं. शिक्षकाच्या डोक्यावर माहिती भरण्याची कामं आधीच कमी आहेत का, की आता एडिटिंगही त्यानेच करायचं?

एक आई
दोघंही मोबाइल धरूनच बोलताय. आमच्या घरात फोन एक, तो दिवसभर यांच्याबरोबर शेतात. रात्री येतो तेव्हा लेक झोपलेली असते. २०२० मध्ये टीव्हीवर सह्याद्री वाहिनीला 'टिलीमिली' ही मुलांची मालिका लागायची, ती आम्ही सगळे बसून बघायचो. पोरांना घरातल्याच वस्तू घेऊन करायला सांगायचे. जे करायचं ते वर्गात दाखवा, घरी लिंक पाठवून मोकळे होऊ नका.

जि. प. शिक्षक, धुळे
ताई, मान्य. लिंक पाठवणं बंद करतो, वर्गातल्या टीव्हीवरच दाखवेन. सर, वजाबाकीचंही मान्य. उद्या काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या घेऊन एक गठ्ठा सोडतानाच शूट करतो, आधी तुम्हाला पाठवतो. पण बोलणार आजीच, आणि अहिराणीतच.

निवृत्त केंद्रप्रमुख
पाठवा. बोलीला माझी हरकत कधीच नव्हती. पण तपासल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका.